बाबा, पर्वती कुठे पळून जाणार आहे?

बायपास झाली, टाके निघाले, पेशंट घरी आला. आता पुढे काय? पलंग की पर्वती? डिस्चार्ज कार्डावरच्या 'हलका व्यायाम' या दोन शब्दांनी आमच्या घरात जो गोंधळ घातला, त्याची ही गोष्ट. आणि त्यातून आम्ही जे शिकलो, तेही.

ऑपरेशननंतरचा पाचवा आठवडा. रविवार. सकाळचे साडेसहा. "अगं ऊठ, बाबा घरात नाहीत!" आईच्या या एका वाक्याने माझी झोप उडाली. बाबांचा मोबाइल चार्जिंगला लावलेला, चष्म्याचं घर टेबलावर, चपला जागच्या जागी. फक्त स्पोर्ट्स शूज गायब. मी काहीच विचारलं नाही. स्कूटी काढली आणि सरळ पर्वती गाठली.

अंदाज बरोबर निघाला. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांपैकी साधारण निम्म्यावर बाबा बसले होते. चेहरा पांढरा, कपाळावर घाम, भोवती रोजचे पर्वतीकर. एकाच्या हातात पाण्याची बाटली, दुसरा "लिंबूपाणी द्या" म्हणतोय, तिसरे आजोबा धीर देतायत, "होतं असं, दोन दिवसांत सवय होईल." (पुण्यात फुकट सल्ल्याला कधीच तुटवडा नसतो.) मला बघून बाबांनी तोंड उघडलं ते एवढ्यासाठीच, "आईला सांगू नकोस."

आईला अर्थातच सांगितलं. डॉक्टरांनाही सांगितलं. ईसीजी काढला, सुदैवाने काही निघालं नाही. डॉक्टर चिडलेच. पण बाबांनी खिशातून डिस्चार्ज कार्ड काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'हलका व्यायाम करावा. जड वजन उचलू नये.' "मी रोज सहा वेळा चढायचो. आज एकदाच चढत होतो. हा हलकाच झाला ना?"

आता बोला! बँकेत पस्तीस वर्षं हिशेब केलेला माणूस. त्यांच्या गणितात चूक काढता येईना. चूक कार्डात होती. हलका म्हणजे किती, कुणाला, कितव्या आठवड्यात, हे त्यावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तुमच्या घरात अजून हे घडलं नसेल तर छानच. पण आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, असं डॉक्टर कित्येक वर्षं सांगतायत. म्हणजे आज पंचविशी-तिशीत असलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आईवडिलांचा नंबर आत्ताच्या काळातला आहे. आणि ज्यांची नाइट शिफ्ट, वडापाव आणि सिगरेट अशी त्रिसूत्री चालू आहे, त्यांचा स्वतःचाही फार लांब नाही. तेव्हा वाचून ठेवा.

नवा रस्ता, ओली भिंत

आधी मुळात होतं काय ते समजून घेऊ. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या जिथे तुंबल्या आहेत, त्या जागेला वळसा घालून नवा रस्ता काढायचा, म्हणजे बायपास. त्यासाठी पायातली शीर काढतात, छातीच्या आतल्या बाजूची धमनी वापरतात, कधी हातातली. अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये पायातली शीर वापरून ही पद्धत रूढ केली. जुने ब्लॉकेज तिथेच राहतात, हे बऱ्याच पेशंट्सना माहीतच नसतं. आपल्याला 'नवं हृदय' मिळालंय, अशी त्यांची समजूत असते. बाबांचीही होती.

खरी मेख वेगळीच आहे. हृदयाचा रक्तपुरवठा ऑपरेशनच्या दिवसापासूनच सुधारतो. पण तिथवर पोचायला छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात. म्हणजे चक्क फ्रॅक्चर. प्लास्टर नसलेलं. हे हाड बऱ्यापैकी जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुरतं घट्ट व्हायला साधारण तीन महिने. डायबेटिस असेल, वजन जास्त असेल, सिगरेट सुटली नसेल तर आणखी वेळ. त्यामुळे पहिले तीन महिने घरातला बॉस हृदय नाही, हे हाड आहे.

ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचे नियम आपोआप कळतात. हातांनी ढकलणं, ओढणं, उचलणं, सगळ्याचा ताण सरळ त्या जोडावर येतो. पहिल्या काही आठवड्यांत साधारण दोन ते चार किलोच्या वर उचलू नका, असं बहुतेक डॉक्टर सांगतात. आता पाण्याची भरलेली बादली पंधरा-वीस किलोची. तीन वर्षांचा नातू बारा-चौदा किलोचा. आणि पुणेकरांसाठी खास सूचना : गाडी मेन स्टँडला लावणे. ही कसरत कुठल्याही इंग्रजी पुस्तकात सापडणार नाही, पण हाडाच्या जोडावर याहून वाईट प्रयोग शोधूनही मिळणार नाही. चालवायचं म्हणाल तर चारचाकीलाही चार ते सहा आठवडे तरी थांबायला सांगतात आणि दुचाकीला त्याहून जास्तच. खड्डे आपल्या ओळखीचे असले तरी छातीच्या ओळखीचे नसतात.

पलंगावरून उठताना हातांनी रेटा देऊन उठायचं नाही. आधी कुशीवर व्हायचं, पाय खाली सोडायचे, मग उठायचं. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. अलीकडे काही ठिकाणी हे नियम थोडे सैल केलेत. कोपरं अंगाला चिकटवून ठेवा आणि झेपेल तेवढं काम करा, असं सांगतात. तुमच्या सर्जनचं म्हणणं काय, ते विचारून घ्या. मात्र छातीत 'कट्' असा आवाज आला, हाड हलल्यासारखं वाटलं किंवा जखमेतून पाणी आलं, तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

सहा आठवडे पलंगावर? ती गोष्ट जुनी

पर्वती प्रकरणानंतर आईने दुसरं टोक गाठलं. बाबांना पाण्याचा ग्लाससुद्धा हातात. टीव्हीचा रिमोट हातात. दारावर बेल वाजली तरी उठायचं नाही. शेजारच्या काकूंनी "आता वर्षभर आरामच हो" असं सांगून त्यात भर घातली. आणि खरं सांगू? पर्वतीपेक्षा मला याचीच जास्त भीती वाटली. आठ दिवसांत बाबा बोलेनासे झाले. पेपर नुसता समोर धरायचे, वाचायचे नाहीत. बायपासनंतर मन खचणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, पण आपल्याकडे तिला 'अशक्तपणा' म्हणतात आणि वर बदामाचा शिरा देतात.

एकेकाळी डॉक्टरही आईसारखेच वागायचे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हार्ट अटॅकच्या पेशंटला चार-सहा आठवडे पलंगावर सक्तीने झोपवून ठेवत. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लॉन यांनी पेशंटला पलंगावरून उठवून चक्क आरामखुर्चीत बसवलं, तेव्हा केवढा गहजब झाला! पण खुर्चीतले पेशंट बरे होत होते. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी तिथल्या डबल डेकर बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास छापला. दिवसभर बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरला हृदयविकार कमी, असं त्यातून दिसलं. आणि १९७३ मध्ये तर टोरोंटोच्या टेरेन्स कॅव्हनॉ या डॉक्टरांनी हार्ट अटॅक येऊन गेलेल्या काही पेशंट्सना पद्धतशीर ट्रेनिंग देऊन बोस्टन मॅरेथॉन पळायला नेलं होतं.

आज तर ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच फिजिओथेरपिस्ट पेशंटला उभं करतात. हातात ते तीन बॉलचं खेळणं देतात, श्वास ओढून बॉल वर उचलायचे. फुप्फुसं नीट फुगावीत म्हणून. घरी सोडण्याआधी बऱ्याच ठिकाणी एक जिना चढवूनही बघतात. म्हणजे पेशंट चालू शकतो का, हा प्रश्नच नाही. किती आणि कसं, एवढाच आहे.

पाच मिनिटांचा फंडा

आमची सुटका शेवटी एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी केली. कार्डियाक रिहॅब नावाचा प्रकार असतो, हे आम्हाला ऑपरेशननंतर सहा आठवड्यांनी कळलं. ज्या हॉस्पिटलने लाखोंचं बिल दिलं, त्यांनी त्याचा एका शब्दाने उल्लेख केला नव्हता. (हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. ज्यांच्याशी बोलले त्यातल्या बऱ्याच घरांचा अनुभव हाच आहे.) तर रिहॅब म्हणजे देखरेखीखाली व्यायाम, शिवाय खाणं, औषधं, सिगरेट आणि मन या सगळ्यांची उस्तवार. परदेशात साधारण बारा आठवड्यांत ३६ सेशन्स असा नेम आहे. व्यायामावर आधारलेल्या अशा कार्यक्रमाने हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पुन्हा हॉस्पिटलची वारी, दोन्ही कमी होतात, हे अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसलेलं आहे. तेव्हा डिस्चार्जच्या वेळी लाजू नका, सरळ विचारा : "तुमच्याकडे कार्डियाक रिहॅब आहे का? नसेल तर कुठे आहे?"

मॅडमनी आधी बाबांना सहा मिनिटं कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. किती मीटर गेले, नाडी किती वाढली, दम किती लागला, सगळं टिपलं. मग हिशेब मांडला. साधारण असा असतो : घरी आल्यावर सपाट जागेवर पाच मिनिटं चालायचं, दिवसातून दोन-तीनदा. दर एक-दोन दिवसांनी एखाद-दोन मिनिटं वाढवायची. चार ते सहा आठवड्यांत एका दमात तीस मिनिटांपर्यंत पोचायचं. आधी वेळ वाढवायचा, वेग नंतर, चढ सगळ्यात शेवटी. बाबांनी नेमकं उलटं केलं होतं.

आणि ते पर्वतीवर बसले का, तेही तेव्हा कळलं. बाबा उपाशीपोटी, वॉर्मअप न करता भराभर पन्नास पायऱ्या चढले, दम लागला म्हणून एकदम थांबले आणि उभेच राहिले. चढताना पायांत भरपूर रक्त उतरलेलं असतं. पाय चालू असतात तोवर स्नायू ते वर ढकलतात. पाय थांबले की रक्त खालीच राहतं, बीपी उतरतं, चक्कर येते. त्यात बाबांची गोळी नाडी आणि बीपी दोन्ही धरून ठेवणारी. म्हणून सुरुवातीला पाच-दहा मिनिटं रमतगमत आणि शेवटी पुन्हा पाच-दहा मिनिटं रमतगमत. हे शेवटचं रमणं सगळे जण गाळतात.

या गोळीने आणखी एक घोळ होतो. बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर नाडी फारशी वाढतच नाही. त्यामुळे २२० वजा वय हा जिममधला फॉर्म्युला इथे साफ फेल. भावाने बेंगळुरूहून प्रेमाने पाठवलेलं स्मार्टवॉच बिचारं हिरवा सिग्नल दाखवत राहतं आणि माणूस दमून गेलेला असतो. मग मोजायचं कसं? स्वीडनच्या गुन्नार बोर्ग या मानसशास्त्रज्ञाची एक मोजपट्टी आहे, ६ ते २० आकड्यांची. ६ म्हणजे नुसतं बसलेलं, २० म्हणजे आता जीव जाणार. किती कष्ट पडतायत ते पेशंटने स्वतःच सांगायचं. सुरुवातीला ११ ते १३ च्या आत. याहून सोपी टॉक टेस्ट. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. गाणं म्हणता येत असेल तर वेग थोडा वाढवा, दोन शब्दांनंतर थांबावं लागत असेल तर कमी करा.

बाबांनी लगेच जुनी डायरी काढली आणि रकाने आखले. तारीख, मिनिटं, आधीची नाडी, नंतरची नाडी, बोर्ग. बँक परत सुरू झाली! आईने बऱ्याच दिवसांनी त्यांना हसताना बघितलं.

बाकी नियम घरगुती आहेत. जेवणानंतर तास-दीड तास चालायचं नाही. मे महिन्यात दहानंतर नाही, डिसेंबरच्या गारठ्यात पहाटे पाचला तर नाहीच. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या माराव्यात, लोक हसले तरी. डायबेटिस असेल तर खिशात ग्लुकोज किंवा गोळ्या. मोबाइल बरोबर, चार्जिंगला नाही! आणि चालताना छातीत दुखलं, जबडा किंवा हात भरून आला, धडधड वाढली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच खाली बसायचं. डॉक्टरांनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर ती घ्यायची. पाच मिनिटांत आराम नाही पडला तर १०८ ला फोन. "घरी जाऊन बघू" नाही. एका दोन दिवसांत वजन किलो-दीड किलोने वाढलं, पाय सुजले, तरी डॉक्टरांना कळवायचं. ते वजन तुपाचं नसतं, पाण्याचं असतं.

जिम, योगा आणि 'ते'

जिमवाल्यांनो, थोडं थांबा. पायाचे व्यायाम, स्थिर सायकल हे लवकर सुरू होतं. पण बेंच प्रेस, पुशअप्स, पुलअप्स हे तीन महिने विसरायचं आणि नंतरही डॉक्टरांनी होकार दिल्यावर, बहुतेक वेळा ट्रेडमिल टेस्ट करून, अगदी हलक्या वजनापासून. श्वास रोखून वजन उचलायचं नाही. जोर लावताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर केला की बीपी झपकन वर जातं. (हाच नियम टॉयलेटमध्येही लागू आहे. इसबगोल घ्या.) ट्रेनरपासून ऑपरेशन लपवू नका. त्याला छातीवरची खूण दिसली नाही तर तो तुम्हाला बर्पी मारायला लावणारच.

"योगा तर चालेल ना, तो आपलाच आहे" असं आमच्या घरी येणारे निम्मे पाहुणे म्हणाले. चालेल, पण कुठला? सूर्यनमस्कारात अष्टांग आणि भुजंगासन करताना अख्खा भार हातांवर आणि छातीवर येतो. हाड जुळेपर्यंत ते नाही. शीर्षासन, जोरकस कपालभाती, श्वास कोंडून धरणं, तेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. साधं श्वसन, खांदे-मानेच्या हालचाली, शवासन मात्र लवकर चालू होतं. आपल्या देशात यावर मोठा अभ्यासही झालाय. 'योगा-केअर' नावाच्या चाचणीत २४ हॉस्पिटल्समधले जवळपास ४००० हार्ट अटॅकचे पेशंट होते आणि २०२० मध्ये तिचे निकाल छापून आले. योगाधारित रिहॅब करणाऱ्यांचं रोजचं आयुष्य सुधारलं, ते आधीच्या कामांकडे जास्त चांगले परतले. पण पुन्हा अटॅक किंवा मृत्यू नक्की टळतात, असं त्यातून सिद्ध झालं नाही. दोन्ही गोष्टी सांगायला हव्यात. पाहुणे पहिलीच सांगतात.

आणि 'ते'? डॉक्टरांना विचारायला सगळे लाजतात आणि डॉक्टरही आपणहून सांगत नाहीत. साधा ठोकताळा असा : दोन जिने भरभर चढून छातीत दुखत नसेल, दम लागत नसेल, तर हृदय तयार आहे. छातीवर भार येणार नाही एवढं हाडासाठी बघायचं. एकच कडक इशारा. नायट्रेटची, म्हणजे जिभेखालची गोळी वगैरे चालू असेल तर व्हायग्रासारख्या गोळ्या अजिबात नाहीत. बीपी जिवावर बेतेल इतकं खाली जाऊ शकतं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट सारखी टोचत होती. बाबा पलंगावर होते तेव्हा ग्लास उचलून द्यायला आई होती. माझ्या मैत्रिणीच्या आईची बायपास झाली, तेव्हा दहाव्या दिवशी ती कणीक मळत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही, पण "एवढंसं तर आहे". कणीक मळणं म्हणजे दोन्ही हातांनी दाबणं, ढकलणं, तेही त्या जोडावर. कुकर उचलणं, सिलिंडर सरकवणं, फडताळातला डबा काढणं, तेच. वर "घरभर फिरतेच की, वेगळं कशाला चालायचं?" घरकामात हाडाला ताण मिळतो आणि हृदयाला सलग व्यायाम मिळत नाही, म्हणजे दोन्हीकडून तोटा. बायकांना रिहॅबला पाठवलं जाण्याचं प्रमाण जगभर पुरुषांपेक्षा कमी आहे. त्या काकूंना तीन महिने पोळ्या विकत आणायला लावल्या, तेव्हा घरात झालेलं भांडण मी ऐकलंय. काकांनी शेवटी कुकरची शिट्टी मोजायला शिकून घेतली.

चौदाव्या आठवड्यात बाबांची ट्रेडमिल टेस्ट झाली. ठीक निघाली. पुढच्या रविवारी आम्ही तिघं पर्वतीला गेलो. पायथ्याशी दहा मिनिटं सपाटीवर फिरलो. मग चढ. दर वीस पायऱ्यांना वेग कमी करायचा, एकदम थांबायचं नाही आणि टॉक टेस्ट म्हणून बाबांनी सतत बोलत राहायचं, अशी अट. बाबांनी १९८८ च्या प्रमोशनची गोष्ट सुरू केली. बॉस कोण, बदली कुठे, कुणी कसं डावललं. त्र्याहत्तराव्या पायरीवर आईने मला कोपराने ढोसलं आणि हळूच विचारलं, "याच्याऐवजी तो बोर्गचा नुसता आकडा सांगितला तर चालत नाही का गं?"

वर पोचल्यावर बाबांनी डायरी काढली. बोर्ग १२. त्याखाली आईसाठी एक नवा रकाना आखलेला होता. तिचा आकडा होता १६.